झाड चमकतं ते भुतामुळे की बुरशीमुळे? भयकथेतलं विज्ञान-धर्माचं भांडण, जुन्नर-आंबेगावच्या वाटेनं

आंबेगाव तालुक्यातलं आहुपे हे घाटमाथ्याच्या अगदी कडेवरचं गाव. लागूनच भीमाशंकर अभयारण्य. पावसाळा चांगला मुरला की इथल्या रानात रात्री काही ठिकाणी लाकडं उजळतात. पडलेले ओंडके, कुजक्या फांद्या, पालापाचोळा, या सगळ्यावर हिरवट, थंड उजेड. टॉर्च लावली की तो गायब. टॉर्च विझवून डोळे अंधाराला सरावू दिले की पुन्हा हजर. दर पावसाळ्यात याचे रील फिरतात. (रीलमध्ये दिसतो तितका तो उजेड प्रखर नसतो. कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवल्यामुळे फोटोत तो वाढतो.)

हे काम आहे मायसिना कुळातल्या बुरशीचं. बुरशीच्या पेशींत ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि त्यातून उजेड बाहेर पडतो. उष्णता जवळपास नाहीच. ल्युसिफेरिन हे नाव १९व्या शतकात राफाएल द्युबुआ या फ्रेंच शास्त्रज्ञानं दिलं. ते आलं लॅटिनमधल्या ‘ल्युसिफर’वरून, म्हणजे ‘प्रकाश आणणारा’. ख्रिस्ती परंपरेत हेच सैतानाचं नाव. भुताटकीचा उजेड रसायनात बसवला, पण नाव द्यायची वेळ आली तेव्हा शास्त्रज्ञाच्या तोंडी सैतान आला!

आता १०० वर्षं मागं जा. टॉर्च नाही, रस्ता नाही, धुकं आहे. रानातून घरी निघालेल्या माणसाला समोर असा उजेड दिसला आणि तो वाट चुकला, तर तो घरी येऊन काय सांगेल? ‘चकवा लागला’ असंच सांगेल. चकवा म्हणजे माणसाला एकाच जागी गोल गोल फिरवणारं भूत. यातलं फिरणं मात्र खरं आहे. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना अनोळखी जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ चालले. ढग आल्यावर ते गोल फिरून आपल्याच वाटेवर परत आले, आणि आपण सरळच चाललोय अशी त्यांची खात्री होती.

अनुभव खरा, कारण वेगळं. या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत जी कथा राहते, तिला इंग्रजीत गॉथिक म्हणतात. मराठीत आपण भयकथा किंवा गूढकथा म्हणतो. त्या कथेत विज्ञान आणि धर्म एकमेकांच्या उरावर का बसतात, आणि मराठी लेखकांनी हे भांडण कसं मिटवलं, याची ही गोष्ट.

गॉथिक म्हणजे नक्की काय?

सुरुवात १७६४ ची. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकानं ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ नावाची कादंबरी छापली आणि ही जुन्या इटालियन हस्तलिखिताची भाषांतरित प्रत आहे, अशी थापही मारली. लोकांना ती आवडल्यावर दुसऱ्या आवृत्तीत कबुली दिली आणि पुस्तकाला ‘गॉथिक कथा’ असं उपनाव जोडलं. तिथून पुढं या प्रकाराचं सामान ठरून गेलं: पडका किल्ला, ओसाड मठ, तळघर, बंद दार, जुना शाप.

पण मठच का? कारण इंग्लंडमध्ये खरोखरच पडके मठ होते. आठव्या हेन्री राजानं १५३६ ते १५४१ या काळात शेकडो कॅथलिक मठ बंद केले. देश प्रोटेस्टंट झाला, भिंती मात्र उभ्या राहिल्या. जो धर्म आपण टाकून दिला, तो त्या भिंतींत अजून श्वास घेतोय की काय, ही भीती गॉथिक कादंबरीच्या मुळाशी आहे. वर हा काळ न्यूटननंतरचा. शिकलेला माणूस भुताला हसत होता, आणि मेणबत्तीच्या उजेडात भुताची कादंबरीही वाचत होता.

आपल्याकडे अशा सोडून दिलेल्या धर्मस्थळांची दाटी कुठं असेल, तर जुन्नरमध्ये. गावाभोवतीच्या डोंगरांत २०० हून जास्त कोरीव लेणी आहेत, बहुतेक सगळी बौद्ध. त्यातल्या लेण्याद्रीच्या एका विहारात गिरिजात्मज गणपती आला आणि ते अष्टविनायकातलं स्थान झालं. शहराच्या दक्षिणेला मानमोडीच्या डोंगरात लेण्यांचे तीन गट आहेत. एकाचं नाव भीमाशंकर, दुसऱ्याचं अंबा-अंबिका, आणि तिसऱ्याचं भूतलिंग. लोक त्याला भूतलेणी म्हणतात.

भूतलेणीत भुताचं काही नाही. दर्शनी कमानीत गजलक्ष्मी कोरलेली आहे आणि एक ब्राह्मी शिलालेख आहे: चंद नावाच्या यवनानं दिलेलं दान. यवन म्हणजे ग्रीक किंवा त्या बाजूचा परदेशी. जवळपास २,००० वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेल्या माणसानं नाणेघाटाच्या व्यापारी वाटेवरच्या या गावात बुद्धासाठी पैसे मोजले. पुढं भिक्खू गेले, लिपी कोणाला वाचता येईना, आणि गावाला आठवण उरली ती नुसत्या अंधाऱ्या भोकांची. ‘भूतलिंग’ हे नाव भूतनाथ शंकरावरून आलेलं असू शकतं. पण ज्या लेण्यात नवा देव येऊन राहिला तिथं जत्रा भरते आणि जे रिकामं राहिलं त्याला भूत चिकटतं, हा योगायोग वॉलपोलला फार आवडला असता. जुन्नरच्या लेण्यांत खरी भीती बाळगायची ती आग्या मोहोळाची.

फ्रँकेन्स्टाइन, आणि बोरीची राख

एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तंबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याची धूळ आकाशात इतकी पसरली की १८१६ साली युरोपात उन्हाळा आलाच नाही. जिनिव्हाच्या तळ्याकाठी सुट्टीला आलेली काही मंडळी पावसामुळे घरात अडकली. वेळ घालवायला प्रत्येकानं भुताची गोष्ट लिहायची असं ठरलं. त्यातली १८ वर्षांची मेरी शेली हिनं जी लिहिली, ती १८१८ मध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’ नावानं आली.

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी बुद्रुक नावाचं गाव आहे. तिथं नदीच्या काठात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. सह्याद्री ज्वालामुखीतूनच झाला, पण ही राख त्याची नाही. बहुतेक अभ्यासक ती इंडोनेशियातल्याच टोबा ज्वालामुखीची, सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीची मानतात. काहींच्या मते ती त्याहून कितीतरी जुनी आहे. म्हणजे ज्या बेटांवरच्या एका स्फोटानं जगातली सगळ्यात गाजलेली भयकथा लिहायला लावली, त्याच बेटांवरच्या दुसऱ्या स्फोटाची राख जुन्नरच्या शेतांखाली पडून आहे. भयकथेशी तिचा काही संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तर फ्रँकेन्स्टाइन. गोष्ट ऐकून सगळ्यांना माहीत असते: तरुण संशोधक प्रेतांचे अवयव जोडून जिवंत प्राणी बनवतो आणि पस्तावतो. ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. १८०३ मध्ये जोव्हानी आल्दिनी यानं लंडनमध्ये फाशी दिलेल्या गुन्हेगाराच्या प्रेताला विजेचा झटका देऊन दाखवला होता. प्रेताचा जबडा हलला, एक डोळा उघडला. बघणाऱ्यांना वाटलं, मेलेला उठतोय.

‘देवाच्या कामात माणसानं हात घातला म्हणून शिक्षा झाली’ असा या कादंबरीचा अर्थ सर्रास सांगितला जातो. पण १८१८ ची मूळ कादंबरी इतकी सोपी नाही. तिथं संशोधकाचा गुन्हा प्राणी बनवण्यापेक्षा, बनवून झाल्यावर त्याला टाकून पळून जाण्यात जास्त आहे. देवाच्या कोपाचा रंग चढवला तो रंगभूमीनं. १८२३ मध्ये लंडनला जे नाटक लागलं, त्याच्या नावातच ‘उद्धटपणा’ हा शब्द होता. नंतर १८३१ च्या आवृत्तीला मेरी शेलीनं प्रस्तावना लिहिली, त्यात तिनंही निर्मात्याची नक्कल करण्याची भीती बोलून दाखवली. धर्माचा धडा गोष्टीला मागाहून जोडला गेला आणि तोच लोकांच्या लक्षात राहिला.

८० वर्षांनी ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ आला (१८९७), तोवर हिशेब बदलला होता. त्यातले नायक टाइपरायटर वापरतात, फोनोग्राफवर डायरी बोलतात, रोग्याला रक्त चढवतात. आणि तरी पिशाच्च हटतं ते क्रूस आणि चर्चमधल्या पवित्र प्रसादानं. त्यांचा पुढारी व्हॅन हेल्सिंग हा डॉक्टरही आहे आणि श्रद्धाळू कॅथलिकही. एक गंमत: कादंबरीत लूसी नावाच्या मुलीला ४ वेगवेगळ्या पुरुषांचं रक्त दिलं जातं. रक्तगटांचा शोध जाहीर झाला १९०१ मध्ये. त्यामुळे ड्रॅक्युलानं सोडलं असतं तरी डॉक्टरांनी लूसीला जगू दिलं असतं की नाही, शंकाच आहे.

आपली भुतं वेगळ्या मुशीतली

मराठी भयकथेपुढची अडचण इथं सुरू होते. आपल्याकडे एकच चर्च नाही, एकच सैतान नाही. आपलं भूत हे बहुतेक वेळा राहून गेलेल्या संस्काराचं भूत असतं. मुंज झाली पण लग्नाआधी, सोडमुंजीआधी मुलगा गेला, तर मुंज्या. बाळंतपणात बाई गेली तर हडळ. सवाशीण गेली तर जखीण. इच्छा राहून गेलेला ब्राह्मण असेल तर ब्रह्मसमंध. मुसलमानाचं भूत खवीस. म्हणजे मेल्यावरही जात, धर्म, लग्न झालं की नाही, सगळं तपासूनच पिंपळ किंवा विहीर अलॉट होते. २०२४ मधला आदित्य सरपोतदारचा ‘मुंज्या’ हा सिनेमा हसत-खेळत याच रचनेवर उभा आहे.

या भुतांशी बोलायला भगत किंवा देवऋषी असतो. तो काय करतो? भुताला विचारतो, ‘काय पाहिजे तुला?’ मग देणंघेणं ठरतं. हा व्यवहार आहे. आणि भुतांचा राजा वेताळ, तो तर कित्येक गावांत देव म्हणून बसलेला. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर रोज सकाळी लोक बूट घालून फिरायला जातात.

मग चमत्कार? तो तर संतचरित्रांत पानोपानी आहे. जुन्नर तालुक्यातल्या आळे गावात एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले तो हा रेडा, भावंडांबरोबर चालत आला आणि आळ्याला त्यानं देह ठेवला, अशी श्रद्धा आहे. जनावर माणसाच्या आवाजात मंत्र म्हणतंय, ही कल्पना युरोपातल्या गॉथिक लेखकाच्या हाती दिली असती तर वाचकाची झोप उडाली असती. इथं मात्र त्या रेड्याला लोक प्रेमानं हार घालतात. वारकरी परंपरेत चमत्कार हा आपल्या माणसानं केलेला असतो, त्यामुळे त्याची भीती वाटत नाही. आणि गोष्टीत हार होते ती रेड्याला आणि पोरांना हिणवणाऱ्या धर्मपंडितांची.

थोडक्यात, भूत व्यवहाराला तयार, चमत्कार प्रेमळ. अशा मुलखात ‘विज्ञान विरुद्ध धर्म’ ही भयकथा लिहायची कशी?

धारपांचा तोडगा

उत्तर काढलं नारायण धारप यांनी (१९२५-२००८). पुण्याचे, बी.एस्सी. (टेक) शिकलेले. १०० हून जास्त पुस्तकं लिहिली. एका पिढीनं ती सार्वजनिक वाचनालयातून, कव्हर फाटलेल्या प्रतींत, रात्री पांघरुणाखाली वाचली आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायची हिंमत गमावली. त्यांनी विज्ञानकथाही भरपूर लिहिल्या. ‘नेनचिम’ हे त्यातलं एक गाजलेलं नाव. हे महत्त्वाचं आहे, कारण त्यांच्या भुताटकीत विज्ञानकथेची बोली सतत डोकावते.

धारपांचा सगळ्यात लोकप्रिय नायक म्हणजे समर्थ. गोष्ट सांगतात त्यांचे मित्र अप्पा जोशी, होम्सची गोष्ट वॉटसननं सांगावी तशी. समर्थ देवळाचे पुजारी नाहीत, दक्षिणा घेणारे मांत्रिक नाहीत, आणि प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञही नाहीत. त्यांच्याकडे साधनेतून आलेली मनाची ताकद आहे आणि ते ती अडलेल्या माणसासाठी वापरतात. नावाची निवड बघा. ‘समर्थ’ म्हटल्यावर मराठी कानाला रामदास ऐकू येतात, अक्कलकोटचे स्वामी ऐकू येतात. धर्माची सगळी ऊब नावातून मिळते, आणि कुठल्याही पंथाची पावती फाडावी लागत नाही.

धारपांच्या कितीतरी कथांत संकट नरकातून येत नाही. ते दुसऱ्या मितीतून येतं. आपल्या जगाला कुठंतरी फट पडते, कोणीतरी लोभानं किंवा अज्ञानानं ती रुंद करतो, आणि पलीकडचं काहीतरी आत येतं. अमेरिकेच्या लव्हक्राफ्टची छाया इथं स्पष्ट आहे. पण लव्हक्राफ्टच्या विश्वात माणसाची दाद घेणारं कोणी नाही. धारपांच्या विश्वात समर्थ आहेत. वाईटाला नियम आहेत, चांगल्यालाही आहेत, आणि ते नियम शिकता येतात. ज्याला आपण मंत्र म्हणतो तो कदाचित अजून न कळलेल्या शास्त्राचा भाग असेल, असा हा सूर. अंगारा आणि अणू एकाच कपाटात.

असा तोडगा काढणारे धारप जगात एकटे नव्हते. अल्जरनॉन ब्लॅकवुडचा जॉन सायलेन्स (१९०८) हा भुतांचा डॉक्टर होता. होजसनचा कार्नाकी तर मांत्रिकाचं वर्तुळ काढून वर विजेच्या नळ्यांचा चांदणीसारखा आकार पेटवायचा. तरी मराठीत या तोडग्याची निकड जास्त होती. धारपांची ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली मानली जाते. किंगच्या मूळ कादंबरीत (१९७५) एका पाद्र्याची श्रद्धा ऐनवेळी डगमगते आणि हातातला क्रूस निकामी होतो. हा प्रसंग मराठी गावात आणायचा तर पाद्र्याच्या जागी कोण? भटजीची श्रद्धा डगमगली तर लोक दुसऱ्या भटजीला बोलावतील. भुताशी सौदा करणारा भगत त्या जागी बसत नाही, तिथं झुंजणारा माणूस लागतो. ती जागा मराठीत रिकामीच होती, आणि समर्थांसारखा नायक त्या जागी चपखल बसतो.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या सिनेमाचं बीज धारपांच्याच एका गोष्टीत आहे. नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलं. सिनेमातला हस्तर हा देव कोणत्याही पुराणात नाही, तो रचलेला आहे. तरी सिनेमा पाहून कितीतरी जणांनी तो खराच पुराणातला समजून शोधाशोध केली. धारपांना याची मजा वाटली असती.

रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) दुसऱ्या वाटेनं गेले. त्यांनी ‘भयकथा’ऐवजी ‘गूढकथा’ हा शब्द रुजवला. त्यांच्याकडे बऱ्याचदा भूत आहे की माणसाचं मन फाटलंय, याचा निकालच लागत नाही. बँकेत नोकरी केलेला, नर्मदा आंदोलनाच्या बाजूनं उभा राहिलेला हा लेखक. त्यांना समर्थांची गरज पडली नाही, कारण त्यांच्या कथेत घर झपाटणारी गोष्ट घरातल्याच माणसांनी एकमेकांशी केलेली असते.

दुर्बिणीच्या तालुक्यात वामन

जुन्नर तालुक्यातच नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं ती उभारली. आळ्याची रेड्याची समाधी आणि दूरच्या दीर्घिकांतल्या हायड्रोजनचा आवाज टिपणाऱ्या या तबकड्या, दोन्ही एकाच तहसीलदाराच्या हद्दीत.

याच टाटा संस्थेत १९७२ पासून काम करणारे जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही गोष्ट पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावानं. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. पुढं त्यांच्या पुस्तकांची नावं पाहिली तर चकित व्हायला होतं: ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’. ज्योतिषाला, अंधश्रद्धेला आयुष्यभर विरोध करणारा खगोलशास्त्रज्ञ नावं मात्र पुराणातून उचलतो.

‘वामन परत न आला’ ही तर शुद्ध गॉथिक रचना आहे, फक्त मेणबत्तीच्या जागी ट्यूबलाइट. जमिनीत खोल गाडलेली एक पेटी. तिच्यात नष्ट झालेल्या प्रगत संस्कृतीचं ज्ञान. ते वाचून बनवलेला बुद्धिमान यंत्रमानव, वामन. आणि तो आपल्यासारखे आणखी बनवू पाहतो, तेव्हा ती जुनी संस्कृती कशानं संपली हे उमगतं. बळीच्या गोष्टीत वामनानं तीन पावलांत सगळं घेतलं, हे ठाऊक असलेल्या वाचकाला फक्त नाव ऐकूनच धोका कळतो. नारळीकर पुराणाला खरं मानत नाहीत, पण वाचकाच्या मनातल्या पुराणाचा वापर बिनधास्त करतात. एआयच्या बातम्या वाचताना ही जुनी कादंबरी आज पुन्हा काढून बघण्यासारखी आहे.

पण मग बाबा-बुवांचं काय?

‘हेही एक शास्त्रच आहे, विज्ञानाला अजून कळलेलं नाही.’ भयकथेत हा सूर छान वाटतो. अडचण अशी की दवाखान्याऐवजी अंगारा देणारा बुवाही नेमकं हेच म्हणतो. धारपांचे समर्थ पैसे घेत नाहीत. बाहेरचे समर्थ घेतात.

नारळीकरांनी यावर कथा लिहिण्यापेक्षा मोजमाप केलं. सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह त्यांनी २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. निम्मी मुलं शाळेत हुशार, निम्मी मतिमंद. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि विचारलं, यातलं कोण हुशार? २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. एका ज्योतिष संस्थेनं सगळ्या २०० पत्रिका पाहिल्या, तिची १०२ उत्तरं बरोबर आली, म्हणजे ५१ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपासच आली असती.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला.

या कायद्यामुळे भुताच्या गोष्टींवर बंदी येईल, कीर्तनं बंद पडतील, अशी आवई तेव्हा उठवली गेली होती. प्रत्यक्षात कायद्यानं रेघ मारली ती इजा आणि फसवणुकीपाशी. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडानं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा. होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणं, त्यांचं साहित्य छापणं, वारी, भजन, प्रवचन याला मोकळीक. म्हणजे आळ्याच्या रेड्यानं वेद म्हटले हे सांगायला कायदा आडवा येत नाही. ‘तुझ्या मुलीच्या अंगात भूत आहे, तिला साखळीनं बांध’ म्हणणाऱ्याला येतो. आणि ‘लुचाई’ वाचून कोणी घाबरलं तर तो वाचकाचा खासगी प्रश्न.

उसातला राक्षस

फ्रँकेन्स्टाइनचा खरा गुन्हा बनवून टाकून देण्याचा होता, हे वर आलंच. तशी गोष्ट जुन्नर-आंबेगावात कादंबरीबाहेर घडली आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही धरणं झाली, पाणी आलं, ऊस आला. उसात बिबट्याला लपायला जागा, पिलं घालायला जागा आणि खायला गावातली कुत्री मिळाली. हल्ले वाढले तेव्हा २००१ ते २००३ मध्ये बिबटे पकडून लांबच्या जंगलांत सोडायची मोहीम निघाली. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जुन्नरचा हिशेब मांडला: मोहिमेआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले, मोहीम सुरू झाल्यावर १७. ज्याला आपण उचलून दूर टाकलं, ते अनोळखी मुलखात जास्त धोकादायक झालं. मेरी शेलीची १८१८ ची गोष्ट यापेक्षा फार वेगळी नाही.

याच दोन तालुक्यांच्या पश्चिम भागात महादेव कोळी समाज वाघोबाला पूजतो. तिथं देवरायाही आहेत. देवाच्या कोपाला भिऊन कोणी फांदी तोडत नाही, म्हणून ते रान टिकलं. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा ही भीतीच तिथल्या दुर्मीळ झाडांची राखण करते आहे, असं दिसलं. चकव्याची भीती आणि देवराईची भीती, दोन्ही एकाच रानातल्या. पहिली समजावून सांगितली की जाते. दुसरी समजावून सांगताना शास्त्रज्ञांनाच जपून बोलावं लागलं, कारण ती गेली तर कुऱ्हाड येणार होती.

दिवाळीच्या तोंडावर, अश्विन वद्य द्वादशीला, इथं वाघबारस असते. गुराखी पोरं दूध-तांदूळ गोळा करून वाघोबाच्या ठाण्यापाशी खीर करतात, त्याला नैवेद्य दाखवतात आणि गुरं सांभाळ म्हणून सांगतात. पूर्वेला, बागायती पट्ट्यात, त्याच दिवशी उसाच्या बांधावर वनखात्याचा पिंजरा लावलेला असतो.